पाटीवर न लिहिलेली न्हाणी

माझ्या नातवंडांनो,

मागच्या हिवाळ्यात तुम्ही निझव्याला आला होतात, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेली माहितीची पाटी दादाने मोठ्याने वाचली. मग धाकटीने विचारलं, "आजी, पुरुष कुठे अंघोळ करायचे ते लिहिलंय. बायका कुठे करायच्या?" शेजारचे गृहस्थ बाजूलाच उभे होते, म्हणून मी तुम्हाला खजूर आणायला पिटाळलं. पुढच्या महिन्यात आम्ही ओमान सोडतोय. उत्तर राहून जायला नको, म्हणून आज लिहिते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

तुम्ही पाहिलेल्या पाण्याच्या पाटाला इथे फलज म्हणतात. डोंगराखालचं पाणी उतारावरून गावात येतं. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचं, पुढे मशिदीत हातपाय धुवायचे, मग पुरुषांची न्हाणी, मग बायकांची, आणि उरलेलं सगळं खजुरांना. हा क्रम कोणी मोडत नाही. बायकांच्या न्हाणीला मातीच्या उंच भिंती आहेत, वर छप्पर नाही. आत कोणी बाई असली की दाराजवळच्या खुंटीवर ओढणी टांगलेली असते. ती दिसली की गावातला पुरुष काही न बोलता मागच्या बोळाने जातो.

घरोघर नळ आले, तरी आमच्या शेजारची म्हातारी दुपारचा नमाज झाला की तिथेच जाते. मी तिला खाला म्हणते, म्हणजे मावशी. कपडे धुणं हे निमित्त. सुनांच्या कागाळ्या, आजारपणं, लग्नं, सगळं तिथे बोललं जातं. मला पहिल्यांदा तिनेच हाताला धरून नेलं. परक्या गावात मला मैत्रिणी मिळाल्या त्या तिथे.

जुना मोहल्ला पाहायला पर्यटक येऊ लागले, तेव्हा पाटी लावायचं ठरलं. खालाच्या मुलाने, म्हणजे त्या दिवशी पाटीजवळ उभ्या असलेल्या गृहस्थांनी, इंग्रजी मजकूर माझ्याकडे तपासायला आणला, कारण मी इथल्या भारतीय शाळेत इंग्रजी शिकवत होते. बायकांच्या न्हाणीबद्दल त्यात जेमतेम एक ओळ होती. मी तिचा चांगला परिच्छेद केला: भिंती, ओढणी, मागचा बोळ, सगळं. जे लिहून ठेवलं नाही ते हरवतं, अशीच माझी समजूत.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत मी तो खालाला समजावून सांगितला, तिच्या सिनेमे बघून आलेल्या हिंदीत आणि माझ्या बाजारहाटापुरत्या अरबीत. वाटलं, खूश होईल. तिने पिळता पिळता कपडा खाली ठेवला.

"उस्ताझा," शिकवणाऱ्या बाईंना इथे अशी हाक मारतात, "तुझ्या घरी मोरीच्या दारावर पाटी आहे?"

"नाही."

"मग लाव. बाणही काढ. लोक रांग लावतील."

बाकीच्या खो खो हसल्या. खाला हसली नाही. "परवा एक गोरा आला. ओढणी बघून आपला माणूस वळतो. याने तिचा फोटो काढला आणि वर आत डोकावलाही. आता तू त्याला रस्ता सांगणार. मग इथे कोण येईल? खलास."

"पण खाला, उद्या कोणाला कळणारच नाही इथे काय होतं."

"होतं? आम्ही अजून बसलोय की!"

मला ते पटायला वेळ लागला. शेवटी मी परिच्छेद काढला, आणि मूळची ओळही.

मुलगा मजकूर न्यायला आला. "टीचर, बायकांचं राहिलं."

"राहिलं नाही. काढलं."

"आईने सांगितलं?" मी मान डोलावली. तो हसायला लागला. "ती ओळ काढ म्हणून माझ्याही मागे लागली होती. म्हटलं, निदान टीचरने लिहिलं तर ऐकेल!" त्याने खिशातून पेन काढून अरबी मजकुरातली ती ओळही खोडली.

पाटी अपुरी आहे. वाचणाऱ्याला वाटेल, या गावात फक्त पुरुषच अंघोळ करत होते. मला ते अजून खुपतं. तुम्हाला हे लिहू का, असं खालाला विचारलं, तर म्हणाली, "नातीला घेऊन ये. नातवाला सांग, मागच्या बोळाने जायचं."

न्हाणी चालू आहे. खालाचे गुडघे दुखतात, तरी ती जाते. आता तिच्याबरोबर तिची धाकटी सून आणि शेजारच्या दोघी येतात.