अर्ध्या किलोचा दगड

रविवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मीना गावित वाळूचं वजन करत होती. दाराच्या चौकटीला हुकाचा काटा टांगलेला, काट्याला पाठीवर घ्यायची हिरवी पिशवी आणि पिशवीच्या आत सिमेंटच्या गोणीच्या कापडाची थैली. थैलीत वाळू. काट्यावर दहा किलो चाळीस ग्रॅम दिसत होतं. तिने आणखी वाळू घातली. आकडा दहा किलो दोनशे पन्नासवर आला तेव्हा तिने दाभण घेऊन थैलीचं तोंड शिवून टाकलं.

"वर कशाला घातली?" बाहेर मोटारसायकल पुसता पुसता तिच्या धाकट्या भावाने, किशोरने विचारलं. "दहा सांगितलीय ना त्यांनी?"

"घट धरलीय."

"बेचाळीस किलोमीटर पाव किलो फुकट वाहणार. लय हुशार हाय आमची ताई."

चौतीस वर्षांची मीना नऊ हंगाम दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरते. तिथे पाच किलोच्या पेटीत पाच किलो भरत नाहीत. माल बोटीने जातो, वाटेत द्राक्षातलं पाणी उडतं, म्हणून प्रत्येक पेटीत सव्वाशे ग्रॅम जास्त घालतात. त्याला घट धरणं म्हणतात. पाचाला सव्वाशे, तर दहाला अडीचशे. हा हिशेब तिच्या हाताला इतका बसला आहे की घरी डब्यात तांदूळ काढतानाही ती मूठभर वर घालते.

वाळू तिच्या वडिलांनी आणली होती. झिपरू गावित पेठ तालुक्यातल्या गावाहून नाशिकला आले त्याला बारा वर्षं झाली. सध्या ते म्हसरूळला एका अर्धवट इमारतीचे रखवालदार आहेत आणि घरातली तिघं त्याच इमारतीच्या पार्किंगमधल्या खोलीत राहतात. वाळूचा ढीग खोलीला लागूनच. वरच्या स्लॅबला दिवसातून तीनदा पाणी मारतात आणि ते निथळून ढिगावरच पडतं.

"चांगली वाळू हाय, धुतल्यावानी," झिपरू म्हणाले होते.

ती ओली आहे हे मीनाच्या हाताला कळलं होतं. म्हणून तर तिने घट धरली. फक्त धरली ती द्राक्षाची.

देवळाली कॅम्पात माजी सैनिकांची एक मंडळी दर फेब्रुवारीत मॅरेथॉन भरवते. सुरुवात बिगुलाने होते. पाणी देण्याच्या जागांना चौक्या म्हणतात, त्या पोती रचून उभ्या केलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एखादा निवृत्त जवान छातीवर पदकं लावून पाण्याचे पेले पुढे करतो. बहुतेक लोक साधी दौड धावतात. साठ-सत्तर जण पिठ्ठू गटात उतरतात. पिठ्ठू म्हणजे सैनिकाच्या पाठीवरचं ओझं. त्याचे नियम एका कागदावर मावतात. पिठ्ठू सुरुवातीला मोजून त्याच्या तोंडाला सील लागतं. वाटेत तो खांद्यावरून काढला तरी जमिनीला टेकवायचा नाही. शेवटी सील शाबूत हवं, वजन दहा किलोच्या खाली नको आणि वेळ साडेसहा तासांच्या आत.

मीनाला या गटाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि हौस म्हणून नव्हे. पेठच्या आश्रमशाळेत असल्यापासून ती पळते. पोलीस भरतीला ती चारदा उतरली. दोनदा लेखी परीक्षेत राहिली, एकदा गोळाफेकीत आणि एकदा एका गुणाने. मधल्या काळात लग्न झालं, ते टिकलं नाही. मग वय उलटून गेलं. गेल्या महिन्यात मखमलाबाद रस्त्यावरच्या एका भरती प्रशिक्षण केंद्रात मुलींच्या सकाळच्या तुकडीसाठी मैदानावरची शिक्षिका हवी असल्याचं तिला कळलं. केंद्र चालवणाऱ्या ज्योत्स्ना पगारे पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी मीनाला मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाल्या, "पळतेस चांगली. पण आधीचाही चांगला पळायचा. त्याने अकरा प्रमाणपत्रं आणली होती, नऊ छापखान्यातली निघाली. तू पिठ्ठू गट पूर्ण कर. रविवारी दुपारपर्यंत कागद घेऊन ये. नाही आलीस तर दुसरी मुलगी सोमवारपासून येते आहे."

साडेपाचच्या आधी वजनाच्या टेबलापुढे रांग लागली. टेबलामागे कारभारी देवरे बसले होते. सटाण्याकडचे, निवृत्त हवालदार, वय अडुसष्ट. तोफखान्यातल्या नोकरीची नऊ वर्षं त्यांनी दारूगोळ्याच्या कोठारात काढली. काट्यावरचा आकडा ते मोठ्याने वाचतात आणि लिहिल्यावर पुन्हा एकदा वाचतात.

"दहा किलो दोनशे पन्नास. ताई, वाळू फुकट मिळाली वाटतं?"

"घट धरलीय, काका."

"वाळूला घट? वाळू काय द्राक्ष शे?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. मागच्या एका तरुणाने जिममधल्या लोखंडी चकत्या आणल्या होत्या, एकाने विटा. कारभारींनी पिठ्ठूच्या तोंडाला प्लास्टिकचं सील ओढलं आणि क्रमांक लिहून घेतला. बिगुल वाजला.

भगूर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. सातव्या किलोमीटरला विटावाला तरुण बरोबरीला आला.

"ताई, बाटली गळते तुमची."

"बाटली हातात हाय माझ्या."

"मग पाठीमागून काय गळतंय?"

तिने हात मागे नेला. पिठ्ठूचा तळ ओला होता आणि बोटांना बारीक रेती लागली. पहाटेपासून उभ्या थैलीत पाणी तळाला जमलं होतं. आता प्रत्येक पावलाला हिसका बसत होता आणि ते कापडातून बाहेर येत होतं. पोटऱ्यांवर ओघळ होते. तिला तो घाम वाटला होता.

द्राक्षाचं पाणी उडायला दिवस लागतात. वाळूचं पाणी तासात जातं. हे तिला आत्ता, पांढुर्लीच्या रस्त्यावर कळत होतं.

किती गेलं असेल? काटा शेवटच्या रेषेपाशी. वाटेत एकच काटा होता, तिचे हात. चौदाव्या किलोमीटरच्या पाटीपाशी ती थांबली. तिने पिठ्ठू खांद्यावरून उतरवला, जमिनीला न टेकवता दोन्ही तळव्यांवर घेतला आणि पेटी धरतात तसा छातीपुढे धरला. डोळे मिटले. दोन पेट्या एकावर एक घेतल्या की जेवढं लागतं तेवढंच लागत होतं. दहा आणि वर थोडंसं. म्हणजे अजून कमी झालेलं नव्हतं, पण होणार होतं.

चौकीवरच्या जवानाने विचारलं, "क्या हुआ बेटी, छोड रही हो?"

"नही, नही," ती म्हणाली.

रस्त्याकडेला डागडुजीसाठी आणलेले दगड पडले होते. तिने एक उचलून टाकला, दुसरा उचलून टाकला. तिसरा हातात राहू दिला. पॅकहाउसमध्ये अर्ध्या किलोचे छोटे डबे भरतात, दिवसाला चारशे डबे. अर्धा किलो तिला काट्याशिवाय कळतो. तोंडाला सील होतं, पण बाजूला बाटली ठेवायचा जाळीचा कप्पा उघडा होता. दगड त्यात घातला, वेणीची रिबीन काढून कप्प्याचं तोंड बांधलं आणि पिठ्ठू पुन्हा पाठीवर घेतला. या सगळ्याला तीन मिनिटं गेली.

पुढचे अठ्ठावीस किलोमीटर दगड डाव्या कमरेवर आपटत राहिला. एकविसाव्याला वळसा घेतला तेव्हा ऊन वर आलं होतं. तिसाव्याला तिने दगडाखाली हात धरून पाहिलं, पण तसं पळता येईना. छत्तिसाव्याला विटावाला एका चौकीवर पाय पसरून बसलेला दिसला. त्याने मानेनेच तिला पुढे जायला सांगितलं. अकरा वाजून बत्तीस मिनिटांनी ती शेवटच्या रेषेवर आली. सहा तास दोन मिनिटं.

कारभारींनी सील पाहिलं. शाबूत होतं. मग त्यांची नजर कप्प्यावर गेली.

"हाई काय शे?"

"दगड हाय, काका. वाळूतलं पाणी गळालं. मी घट भरली."

"कुठून घेतला?"

"चौदाव्या पाटीपाशी."

त्यांनी रिबीन सोडली, दगड काढून टेबलावर ठेवला आणि आधी पिठ्ठू काट्यावर चढवला. "नऊ किलो सातशे सत्तर." लिहिलं. "नऊ किलो सातशे सत्तर."

चारशे ऐंशी ग्रॅम गेले होते. तिने धरलेल्या घटीच्या जवळजवळ दुप्पट.

"दगड अर्धा किलो हाय," मीना म्हणाली.

"तू मोजला?"

"हातावर."

कारभारींनी दगड काट्यावर ठेवला. पाचशे पाच. त्यांनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातावर ठेवला. "आन् हे?"

"दीडशे. नाय, एकशे साठ."

काट्याने एकशे अठ्ठावन्न दाखवलं. शेजारच्या टेबलावर पदकं वाटणारा म्हातारा म्हणाला, "हवालदारसाहेब, काटा घरी पाठवा. बाईलाच बसवा इथं."

"काटा काटा आहे," कारभारी म्हणाले. मग मीनाला म्हणाले, "ताई, दगड धरून दहाच्या वर जातं. पण हा चौदाव्याला घेतला का बेचाळिसाव्याला, ते मी पाहिलेलं नाही. तू म्हणतेस ते म्हणणं झालं. पिठ्ठू गटाचं प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही."

"बरं," मीना म्हणाली.

तिने हुज्जत घातली असती तर कदाचित त्यांनी कागद पुढे सरकवून पुढचं नाव पुकारलं असतं. ती उभीच राहिली, कारण पाय हलत नव्हते. कारभारींनी जाळीचा कप्पा उलटा करून पाहिला. तळाशी तीन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं आणि कडेचे धागे झिजून कापसासारखे झाले होते. त्याच जागी मीनाचा सदरा कमरेवर फाटला होता आणि खाली कातडी सोलली होती. वजनाच्या चिठ्ठीवर शेरा लिहायला दोन ओळींची जागा असते. तिथे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, आणि लिहिल्यावर नेहमीप्रमाणे वाचलं:

"पिठ्ठू नऊ किलो सातशे सत्तर. बाजूच्या कप्प्यात दगड पाचशे पाच ग्रॅम. चौदाव्या किलोमीटरला घेतला असं धावपटूचं म्हणणं. कप्प्याची जाळी झिजून फाटलेली. डाव्या कमरेवर जखम. सील शाबूत." खाली सही, तारीख, वेळ. चिठ्ठी त्यांनी मीनाच्या हातात दिली.

"दगड नेतेस?" त्यांनी विचारलं.

"नको."

मग तो त्यांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. वारा सुटला होता.

पाऊण वाजता किशोरने तिला प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशी सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला होता: "तो विटावाला बरा, विटा गळत तरी नाहीत." मीनाला हसू आलं, पण कंबर दुखली.

ज्योत्स्ना मॅडम मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"म्हणजे मिळालं नाही."

"नाही, मॅडम."

"मग आलीस कशाला?"

"दुपारपर्यंत ये म्हणालात."

"साध्या दौडीचं पदक देत होते की नाही?"

"देत होते. ते तुम्ही मागितलं नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला. "कंबर दाखव." मीनाने सदरा बोटभर वर केला. मॅडमनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि चिठ्ठी घडी घालून स्वतःच्या वहीत ठेवली.

"असला कागद छापखान्यात कोणी करून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघते. पगार महिन्यानंतर ठरेल. मुली तेवीस आहेत, त्यातल्या सहा जणी रोज पोटात दुखतं म्हणतात. पाच ते सात. उशीर चालणार नाही. त्या दुसऱ्या मुलीला मी फोन करते."

"उद्यापासून?"

"मग कधीपासून? जखमेला हळद लाव."

अडचण वेळेची होती. पॅकहाउसची बस म्हसरूळच्या थांब्यावर सहा चाळीसला येते. तीच चुकली तर दुसरी नाही, आणि हंगामात मध्येच सोडून गेलेल्या बाईला मुकादम अक्काबाई त्या हंगामात परत उभी करत नाही. हंगामाचे अजून सात आठवडे बाकी होते. मॅडमनी महिना सांगितला होता, तोही बघते म्हणून.

मीना संध्याकाळी चारपर्यंत पडून राहिली. झिपरूंनी जखमेवर हळद आणि तेल लावलं. "वाळू कोरडी द्यायला पायजे व्हती," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

"तुमचं नाय, बाबा. घट मी धरली."

मग तिने आधी अक्काबाईला फोन केला. ते बोलणं दोन मिनिटं चाललं आणि त्यात बहुतेक अक्काबाईच बोलली. त्यानंतर बसच्या ड्रायव्हरला, बारकूला.

"बारकूभाऊ, उद्यापासून माझ्यासाठी थांबू नका."

"का गं? आजारी हाय का?"

"नाय. सात वाजेपर्यंत मैदानावर हाय."

"आन् पेट्या कोण भरंल तुझ्या?"

"भरंल कोणीतरी. घट धरायला सांगा तिला."

म्हसरूळच्या त्या थांब्यावर मीनाखेरीज कोणी चढत नाही. उद्या सोमवारी बस सहा चाळीसला तिथून जाईल, आणि थांबणार नाही.