मामांच्या जीपवरचा माळा

माणसं गाडी घेतात ती आत बसायला. तिच्या डोक्यावर काय काय ठेवता येईल, एवढ्याचसाठी गाडी घेतलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो माझा मामेसासरा होता.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या जिपा लिलावात निघाल्या, त्यातली एक मामांनी आणली. वर नुसतं कॅनव्हासचं छप्पर. ते पाहून मामा हळहळले, "एवढी जागा फुकट जाई राहिनी." लगेच लोहाराला बोलावून चार कोपऱ्यांत लोखंडी खांब उभे केले, त्यांवर पलंगाची चौकट बसवली, आणि तळाला फळ्या हव्यात म्हणून घरातला झोपाळा उतरवून मधोमध कापला. मामी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मामांना ते सोळाव्या दिवशी कळलं. मग त्या माळ्याला रोज एक नवा अवयव फुटू लागला. कंदिलाला आकडा, घागरीला कडं, शिडीला पट्टा, मांडे भाजायच्या खापराला गवत भरलेलं कोंदण, भरताच्या वांग्यांना वेगळी जाळी. प्रत्येक नट ते स्वतः पिळत आणि बाळाच्या टाळूला लावावं तसं त्याला बोटानं तेल लावत. लोक हसले की म्हणत, "नवरी शे ती. तिले मंडप नको का?"

मी धुळ्याची, शहरात वाढलेली, इंग्रजीची तीन पुस्तकं वाचलेली. म्हणजे अक्कल सोडून सगळं माझ्याकडे होतं. त्या जीपमध्ये बसायची इतकी लाज वाटे की पदर नाकापर्यंत ओढून घेई. सासूबाईंना वाटे, सून किती मर्यादशील.

लग्नानंतर मॅट्रिकला बसायची परवानगी त्यांनी एकदाच दिली होती. "या वर्षी झालं तर झालं. पुढं नाव काढू नको." केंद्र जळगावला, पहिला पेपर अकराला, आमचं गाव गिरणेपलीकडे. आणि त्या सकाळी पुलावरून वळसा घेऊन जाणारी सर्व्हिस मोटार आलीच नाही. मामा जीप घेऊन हजर झाले. मार्चातली गिरणा म्हणजे नुसती वाळू, म्हणून वेळ वाचवायला त्यांनी ती सरळ पात्रात घातली. मधोमध चाकं रुतली. मी रडायच्या बेतात. मामांनी वाकून पाहिलं, पाना काढला आणि माळा सोडवायला लागले.

"मामा, तुमचा माळा..."

"परीक्षा तुनी शे का मनी? गुपचूप पुस्तक वाच."

फळ्या चाकांखाली घालायच्या, जीप पुढे गेली की उचलून पुन्हा पुढे टाकायच्या, असं करत आम्ही काठाला लागलो. एक फळी उभी चिरली. तरफ म्हणून घातलेला खांब वाकला. अकराला पाच कमी असताना मी वर्गात होते.

पेपर सुरू झाला आणि खिडकीखाली ठणठण सुरू झाली. मामा खांब सरळ करत होते. पर्यवेक्षकांनी विचारलं, "बाहेरचा तो माणूस कुणाबरोबर आलाय?" त्या बाकासाठी वर्षभर सासूबाईंची मनधरणी केलेली मी मान खाली घालून व्याकरण लिहीत राहिले. शिपाई बाहेर जाऊन काहीतरी बोलला. ठणठण थांबली.

परतताना मामा म्हणाले, "आवाज उना का वं पोरी मझार वर्गमा? मी मंग गाडी ढकलत चिंचखाले लई गऊ."

"नाही आला," मी म्हटलं.

"मंग बरं."

मी पास झाले. मामा गावभर पेढे वाटत फिरले. पुढे मी शाळेत बाई झाले, मामा गेले, आणि तो आवाज आला होता, तरी मी मान वर केली नव्हती, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तरी ते रागावले नसते. तीच तर अडचण होती.