मुका दगड

नदीच्या खोऱ्यातली खडकांची वाट लोकांना दाखवायला माझ्या काकाला नेमलं, तेव्हा घरात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. काका चौथी नापास. पण खाणीत चाळीस वर्षं काढलेली. कुठल्या थरावर कुठला थर बसलाय ते त्याला तोंडपाठ होतं. कोट्यवधी वर्षांचा हिशेब सांगून झाला की तो म्हणायचा, "माझ्या आधीची गोष्ट आहे, चूकभूल द्यावी घ्यावी."

वाटेवरच्या सातव्या माहितीच्या पाटीपाशी मात्र त्याचे विनोद बंद. तिथे वाट पुढे आलेल्या कड्याखालून जाते. रोज सकाळी, माणसं यायच्या आत, काका तो कडा हातोडीने ठोकून बघायचा. खणखणीत वाजला तर दगड बोलका. बद्द वाजला तर मुका, म्हणजे आतून सुटलेला.

माझे वडील खाणीत मुक्या दगडाखाली गेले. त्या दिवशी ठोकायचं काम काकाचं होतं, आणि त्याने घाईत न ठोकताच माणसं आत सोडली. हे त्यानेच मला सांगितलं, मी बारा वर्षांची असताना. पुढे दोन वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.

परवा त्याने कड्यापाशी दोरी बांधून वाट अडवली. सहलीची चाळीस माणसं उन्हात ताटकळली, काकाचे साहेब ओरडले. काकाचं एकच पालुपद, "मुका झालाय." शेवटी मला बोलावणं आलं.

मी हातोडी घेऊन ठोकलं. आवाज खणकन नदीपलीकडे गेला.

"बघ," काका म्हणाला. "मुका."

कामाची हाक तेवढी बरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही त्याला घरी वर्षभर चिडवत होतो. मला माझीच लाज वाटली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "काका, दगड बोलतोय. तुलाच ऐकू येत नाहीये."

त्याचे डोळे भरले.

"तुला नक्की ऐकू आलं?"

"आलं."

"मग दोरी तू सोड."

मी गाठीला हात घातला. समोर चाळीस माणसं पिशव्या उचलून तयार झाली. मी हात मागे घेतला आणि कडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा ठोकायला लागले.