फाइलीतलं सातवं घर

कुंभारवाड्याहून सुमनवहिनीचा फोन आला तेव्हा मी जोयड्याच्या स्टँडवर होते. "तुझा अण्णा गेला गं," एवढंच ती बोलली... आणि मेली बस तासभर आलीच नाही. त्याला आता दीड महिना होतोय.

अण्णा माझा मामेभाऊ, सुमनवहिनीचा नवरा. जोयड्यात त्याचं झेरॉक्सचं दुकान. हट्टी इतका की पन्नाशी उलटल्यावर पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकला. कशासाठी, तर आमच्या वाड्यांवर कुणाच्या घरी कुठलं जुनं भाताचं बी शिल्लक आहे त्याची यादी ठेवायला. पेरणीआधी ज्याचं बी संपलं त्याला दुसऱ्याचं दार सापडावं, एवढाच हेतू. मी घरोघर फिरून माहिती आणायची, त्यानं लिहायची. एकदा सगळी फाइल नव्यानं लिहिताना लाइट गेली आणि अर्धी यादी पुसली गेली. तेव्हापासून त्यानं प्रत्येक घराला तीनशे बाइटची जागा नेमून दिली. सातवं घर बदलायचं तर आधीच्या सहा घरांची जागा ओलांडून, म्हणजे 'सीक' करून, थेट अठराशेवर जायचं, तेवढंच लिहायचं, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी अण्णासाहेबांनी घोळ घातला. अक्षरं मोजली, पण मराठीतलं अक्षर काय, काना-मात्रा काय, प्रत्येक तीन-तीन बाइट खातं हे विसरला. एका घराचा मजकूर शेजारच्या घरावर सांडला आणि तिथल्या म्हातारीचं लाल भात यादीतून गायब. मी पोट धरून हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी रानातनं दोन तास चालत तिच्याकडे गेला. "आज्जी, माझ्या हातनं तुमचं बी पुसलं, परत सांगा," म्हणाला. ती म्हणाली, "कणगीतलं न्हाई न्हवं पुसलं? मग बस, च्या घे."

आता पेरणी तोंडावर आली. सातवं घर अण्णाचंच. ते त्यानंच लिहिलेलं, मी कधी उघडून बघितलं नव्हतं. त्याचं नाव काढून वहिनीचं घालायला हवं, नाहीतर बियाण्यासाठी लोक विचारणार कुणाला? पण हात उठेना. आकडा चुकला तर शेजारचं घर जाईल ही भीती होतीच. खरं सांगू, त्याचं नाव माझ्या हातानं पुसायचं हे त्याहून जड होतं.

वहिनी शेजारी बसली. "पूस की. लोकं बियासाठी थांबल्यात."

मी फाइलीची एक नक्कल करून ठेवली, अठराशेवर गेले आणि आधी तिथं काय आहे ते वाचलं. 'सुमन. काळ्या कुसळाचं भात. बी हिनं राखलं, हिलाच विचारा.' अण्णाचं नाव कुठंच नव्हतं.

वहिनीनं बोट ठेवून दोनदा वाचलं. मग पदरानं डोळे पुसले. "माझं नाव हाय व्हय हितं... आन मला बोलला न्हाई कधी."

मजकुरापुढं बरीच जागा मोकळी होती. "काय लिहू?" मी विचारलं.

"लिव," ती म्हणाली, "औंदा तीन घरांना पुरंल."