'पूर्वीचे आजार' हा रकाना

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. कधी, तेही सांगते: डिसेंबर २००८, गुरुवार, सकाळचं टपाल. टेक्सासमधल्या एका विमा कंपनीनं कळवलं, पॉलिसी मिळणार नाही. भावजींनी नोकरी सोडून दुकान टाकलं होतं, म्हणून नवा आरोग्यविमा हवा होता. फॉर्मवरच्या 'पूर्वीचे आजार' या रकान्यात ताईनं खरं ते लिहिलं: छातीत गाठ, अजून तपासलेली नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये पुण्याला जाताना ती आठवडाभर माझ्याकडे लंडनमध्ये एजवेअरला थांबली. तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर ओरडा चालला होता, की ब्रिटनमध्ये सरकार म्हाताऱ्यांना मरू देतं. मी चिडून इथल्या मोफत सरकारी आरोग्यसेवेच्या बाजूनं पत्रकं काढत होते. ताई समोर बसून त्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता गाठीचं बोलली. आईलाही तिनं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "उद्या माझ्या नावानं जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. दिसतो तर आपण सारख्याच."

"बावळट! आणि वजन कोणाचं सांगू?" ती हसली. मग म्हणाली, "खोटंच सांगायचं असतं, तर तिकडेच नसतं का सांगितलं?"

सत्य, न्याय असले शब्द मी पत्रकात ठासून भरले होते. मान वर करवेना.

सकाळी खरं सांगूनच गेलो. रिसेप्शनवरच्या बाईंनी तात्पुरत्या पेशंटचा फॉर्म दिला. तोच रकाना आला आणि ताईचं पेन थांबलं. "हे लिहिलं तर डॉक्टर बघणार नाहीत का?" तिनं विचारलं.

बाई गोंधळल्या. "अहो, डॉक्टरांना कळायला नको का?"

तिकडे हाच प्रश्न तिला बाहेर ठेवायला विचारला होता.

डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी दिली, वेळ घालवू नका म्हणाल्या. हॉस्पिटलातल्या तपासण्या पाहुण्यांना इथेही फुकट नाहीत. माझ्या पत्रकात हे नव्हतं; पुढच्या खेपेला घातलं. ताईची तपासणी पुण्यात झाली. गाठ साधी निघाली. पण आठ महिने ती रोज आंघोळीच्या वेळी घाबरत होती, आणि एकटीच.

तुमचंही कोणी तिकडे अमेरिकेत असेल. आजच फोन करा. तिथलं नागरिकत्व असेल, तर आपल्या खासदाराला विम्याच्या या रकान्याविरुद्ध चार खरमरीत ओळी लिहायला सांगा. पण आधी हवापाणी, मुलांच्या शाळा बाजूला ठेवून विचारा, "डॉक्टरकडे शेवटची कधी गेलीस?" विषय बदलला, तर पुन्हा विचारा.