इनामदारबाईंचा ठेका

इनामदारबाई चालताना ओठ हलवत. पनवेलजवळच्या कामोठ्यात तेव्हा इमारती कमी आणि मोकळे भूखंड जास्त. त्या भूखंडांमधल्या पायवाटेनं बाई भाजीला निघाल्या की लोकांना वाटे, म्हातारी जप करतेय. जप नव्हता तो. एकेका पावलाला एकेक मात्रा टाकत त्या तीनताल म्हणत असत. मध्येच कुणी हाक मारली तर हातानं थांबवत, आणि आवर्तन पूर्ण करून समेवर आल्यावरच "हां, काय म्हणत होता?" असं विचारत.

माझी त्यांची ओळख गौरीमुळे झाली. लेकीला तबला शिकवायचा म्हणून मी तिला घेऊन त्यांच्या फ्लॅटवर चालणाऱ्या मुली-बायकांच्या वर्गाला गेले. त्यांनी तबल्यावरचं कापडसुद्धा काढलं नाही. गौरीला टाळ्या द्यायला बसवलं आणि माझ्याकडे वळून मिरजेकडच्या हेलात म्हणाल्या, "तुम्ही काय पाहुण्यासारख्या बसलाय? टाळी द्या की! मेंदी लावलीय होय हाताला?" गौरी लवकरच कंटाळली आणि स्केटिंगला जायला लागली. मुलगी सुटली, आई अडकली. ऑफिसातून येताना पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी बाईंचा जिना चढू लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

बाईंचे वडील मिरजेला तबल्याच्या शिकवण्या घेत. बाहेर मुलं शिकत तेव्हा ही मुलगी आतल्या खोलीत मांडीवर बोल वाजवी. वडिलांनी ते पाहिलं आणि तिलाही पुढ्यात घेऊन बसवलं. सासरी मात्र बाईमाणसानं तबला वाजवणं कुणाला खपणारं नव्हतं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"कणीक मळली," बाई म्हणाल्या. "रियाज होता तो. मऊ पोळ्या होतात म्हणून कौतुक करायचे सगळे. कुणाला ठाऊक, काय खातोय ते!"

यजमान गेल्यावर मुलगा शिरीष त्यांना इकडे घेऊन आला. तेव्हा त्यांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली, तबल्याची जोडी.

मी लय वाढवली की त्या माझ्या गुडघ्यावर चापट मारत. "सम कुठं जात नाही गं, जागेवरच असते. पळतेयस तू." तालातल्या खालीला टाळी नसते, तिथे माझं लक्ष हटकून उडायचं. मग म्हणत, "टाळी नाही म्हणून झोपतेस काय? घरात एखादं माणूस बोलत नाही, म्हणून ते नसतंय होय?"

एका सकाळी शिरीषचा फोन आला. "ताई, लगेच येता? आईला काहीतरी झालंय." पक्षाघात होता. पनवेलच्या हॉस्पिटलातून बाई घरी आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. समोरचं सगळं त्यांना कळत होतं, पण तोंडातून "ते... ते..." एवढंच निघे. शिरीषनं चित्रांचा तक्ता आणला. पाणी हवं तर पेल्यावर बोट ठेवायचं. बाईंनी डाव्या हातानं तो भिरकावून दिला आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. इतकी बोलकी बाई. मला तिथे बसवेना, आणि उठवेनाही.

मग मी त्यांच्या उशाशी बसून हलकेच टाळी देत तीनताल म्हणू लागले. डोळे भरून आले होते, त्यात शेवटी चुकले. "ता तिं तिं ता..."

"ता धिं धिं धा!" बाई म्हणाल्या.

स्वच्छ. ठणठणीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या माझ्याकडे. मी पुन्हा सुरू केलं आणि बाईंनी माझ्याबरोबर अख्खं आवर्तन म्हटलं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलणं जातं, पण गाणं, पाठ केलेले श्लोक राहतात. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या डाव्या हाताखाली माझा हात धरला आणि तो तालावर हलवत दादऱ्याचा ठेका सुरू केला. धा धी ना, धा ती ना. तो मुरल्यावर त्याच लयीत म्हटलं, "म ला च, हा ह वा." बाईंचे ओठ थरथरले. ठेका चालू होता. दोन आवर्तनं गेली.

"म... ला... च... हा... ह... वा."

शिरीष दारात उभा होता. तो चहा ठेवायला आत गेला. गॅस पेटल्याचा आवाज आला, आणि मागोमाग त्याच्या हुंदक्याचा.

मग आम्ही सगळं घर तालात बसवलं. 'शिरीषला बोलव' सात मात्रांच्या रूपकात चपखल बसलं. हळूहळू ठेक्याशिवायही शब्द येऊ लागले; अडखळत, पण बाईंचे स्वतःचे. हात मात्र परत आला नाही. त्यांनी वर्ग पुन्हा सुरू केला. वाजवायचं आम्ही, आणि चुकलं की त्यांनी भुवई उचलायची.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात त्या गेल्या. त्याच्या थोडं आधीची एक दुपार मला आठवते. वर्गातल्या बाकीच्या निघून गेल्या होत्या. बाई कोपऱ्यातल्या तबल्याकडे बघत होत्या. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं, "बाई, हाताचं वाईट वाटतं?"

"वाटतं की," त्या सावकाश म्हणाल्या. "रोज... वाटतं."

मी तबल्यावर कापड टाकायला उठले.

"तू... वाजव," बाई म्हणाल्या.

मी तबला पुढे ओढला आणि वाजवू लागले. डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या. संपल्यावर मी थांबले, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "परत."