तिसऱ्या शिट्टीपर्यंत

कुकरकाकूंना घड्याळाचा भारी तिटकारा. पडेगावच्या त्यांच्या घरी आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी लिहायला जमायचो. काकू मंद आचेवर भाताचा कुकर चढवायच्या आणि फर्मान सोडायच्या, "तिसरी शिट्टी व्हईस्तोवर कागदावरनं पेन उचलायचं नाय. काय सुचंना तर 'काय सुचंना' असंच लिहा." तिसरी शिट्टी झाली की वाक्य अर्धं असलं तरी हात थांबलाच पाहिजे. मग सगळ्यांनी मिळून वरण-भात खायचा.

लिहिलेलं कुणी वाचत नसे. काकू तेच कागद खाली पसरून त्यावर शेंगा सोलायच्या. आमच्यातल्या एका निवृत्त साहेबांना आपलं पान टरफलांखाली गेलेलं बघवेना. काकू म्हणाल्या, "साहेब, हा रियाज हाय. रियाज कुणी फ्रेम करून लावतं व्हय?"

मला तिथं बहिणीनं ढकललं होतं. माझी बायको वैशाली गेल्यावर मी चितेगावला कंपनीत जात होतो, जेवत होतो, कुणी विनोद केला तर हसतही होतो. आत मात्र काही हलत नव्हतं. रडू आलंच नव्हतं आणि मला त्याचीच भीती वाटायची. लिहायला बसलो की पानभर 'काय सुचंना'. काकूंनी त्यावर कधी तोंड वाकडं केलं नाही. "भाऊ, लई इचार करू नका. हात चालू ठिवा, मन येतंय मागून," एवढंच म्हणायच्या.

एका रविवारी दुसरी शिट्टी झाली आणि हातानं लिहिलं, 'येताना मेथी आण.' वैशाली फोनवर शेवटचं बोलली ते हेच. मग ती मेथी कशी निवडायची, माती राहिली म्हणून माझ्यावर कशी करवादायची, सगळं येत गेलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसेनात, तरी हात चालूच. तिसरी शिट्टी काही होईना. बऱ्याच वेळानं मान वर केली, तर काकूंनी गॅस कधीच बंद केलेला. त्या दिवशी सगळ्यांनी अर्धाकच्चा भात खाल्ला. साहेब कुरकुरले, तेव्हा काकू म्हणाल्या, "खावा गुमान. एक दिवस कच्चा खाल्ला तर काय बिघडतंय?"

गेल्या आठवड्यात काकू गेल्या. त्यांच्या सुनेचा फोन आला. मी "बरं" म्हणालो आणि गाडीत पेट्रोल भरायला गेलो. त्यांना शेवटचं पाहिलं, तेव्हाही काही वाटलं नाही. पुन्हा तेच.

आज रविवार. घरीच मंद आचेवर वाटीभर तांदळाचा कुकर लावून बसलोय. आधी पानभर 'काय सुचंना' झालं, त्यामागून हे सगळं आलं. आत्ता कुठं अक्षरं दिसेनाशी व्हायला लागलीत. दोन शिट्ट्या झाल्या आहेत. तिसरीआधी गॅस बंद करायला उठायचं, तर पेन उचलावं लागेल.